कामगार संबंधांत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय, सोलापूर सोडता येत नाही. सल्ला हवा

घरकुलातली

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बी.कॉम. आहे. चार वर्षांपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात काम करते. हजेरी, बटवडा, पीएफचं चलन, ईएसआय (कामगार विमा), कुणाचं आधारवर एक नाव आणि पीएफला दुसरं असेल तर ते जुळवून घेणं, हे सगळं माझ्याकडे असतं. आता मला पुढे शिकायचंय. विषय ठरलाय, नाव ठरलेलं नाही. मालक आणि कामगार यांच्यात जे काही चालतं, पगार, तक्रार, युनियन, करार, कायदा, ते मला नीट शिकायचंय. याला कुणी एचआर म्हणतं, कुणी श्रमकल्याण, कुणी औद्योगिक संबंध. परदेशी विद्यापीठांच्या पानांवर 'एम्प्लॉयमेंट रिलेशन्स' दिसतं. सगळं एकच आहे का?

कारणही सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. आमचं घर कुंभारीच्या विडी घरकुलात. अम्मा विड्या वळते. नान्ना, म्हणजे वडील, २२ वर्षं पूर्वभागातल्या एकाच शेडमध्ये माग चालवत होते. मागच्या वर्षी नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला, त्याच्या चार दिवस आधी मालकांनी त्यांना बोलावून सांगितलं, तुम्हाला आता तार दिसत नाही, घरी बसा. पाकिटात पंधरा हजार रुपये दिले. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सुटताना मिळायच्या रकमेचं, विचारलं तर म्हणाले, रजिस्टरला तुमचं नाव सहाच वर्षांचं आहे, त्यातही खंड आहेत.

खंड कसे पडतात ते मला ठाऊक आहे. तसली रजिस्टरं मी रोज हाताळते. नान्ना काही बोलले नाहीत, पाकीट देवाजवळ ठेवलं आणि झोपले. त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात हे शिक्षणाचं आहे.

एमबीए एचआर, एमएसडब्ल्यू, कामगार कायद्याची पदविका, एलएलबी, यातलं काय घ्यावं? नोकरी पूर्ण सोडता येणार नाही, अम्मा-नान्नांना सोडून लांब जाता येणार नाही. वय २६.

पार्कचौकवाला

मी सोलापूरचाच, सध्या चाकणला एका वाहन-सुट्या भागांच्या कंपनीत एचआरला आहे. थेट सांगतो, एमबीए करा. राज्याची सीईटी द्या, चांगलं कॉलेज मिळालं तर पुण्याला या. कॅम्पसला कंपन्या एमबीएलाच बोलावतात. एमएसडब्ल्यू झालेली माझ्या टीममधली मुलं कामाला उत्तम आहेत, पण त्यांची सुरुवात माझ्यापेक्षा कमी पगारावर झाली.

'औद्योगिक संबंध' हा एमबीए एचआरमध्ये एखाद-दुसरा पेपर असतो. बाकी भरती, प्रशिक्षण, कामगिरी मूल्यमापन, पगाररचना. तुम्हाला जे शिकायचंय ते त्यात थोडंच मिळेल हे मात्र कबूल करतो. मला स्वतःला वाटाघाटी कंपनीत आल्यावरच कळल्या. युनियनशी पहिल्यांदा करार झाला तेव्हा मी कोपऱ्यात बसून नोंदी घेत होतो. अकरा बैठका झाल्या. त्या अकरा बैठकांत जे शिकलो ते दोन वर्षांत शिकलो नव्हतो.

अक्षता_म

अगं, मी एमएसडब्ल्यू, तेही आपल्या सोलापुरातूनच, आणि चिंचोली एमआयडीसीत नोकरी करते. त्यामुळे तुला आतून सांगू शकते.

समाजकार्याचं शिक्षण आपल्याकडे वालचंद महाविद्यालयात आहे. प्रवेशाचे आणि विषयांचे नियम आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार बदलत चाललेत, म्हणून स्वतः जाऊन या वर्षीचं माहितीपत्रक घे, माझ्या वेळच्या गोष्टींवर जाऊ नकोस. पण एक गोष्ट एमएसडब्ल्यूमध्ये सगळीकडे असते ती म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातले ठरावीक दिवस तू वर्गात नसतेस. कारखान्यात, वस्तीत, दवाखान्यात असतेस आणि रोजचा अहवाल लिहितेस. मार्गदर्शक तो लाल पेनाने तपासतात. मला सुरुवातीला फार राग यायचा. 'कामगार समाधानी दिसले' असं मी लिहिलं होतं, तर मॅडमनी खाली विचारलं, कशावरून? किती जणांशी बोललीस? सुपरवायझर समोर होता का? तो प्रश्न अजून माझ्याबरोबर आहे.

तुझ्यासाठी अडचण एकच, नोकरी. क्षेत्रकार्यामुळे पूर्णवेळ नोकरी आणि एमएसडब्ल्यू एकत्र जमत नाही. माझ्या वर्गातल्या दोघींनी प्रयत्न केला, दोघींचंही एकेक वर्ष गेलं.

जुना_कल्याण_अधिकारी

मुली, तुझं पत्र दोनदा वाचलं. मी सोलापुरातल्या एका गिरणीत आणि ती बंद पडल्यावर एका साखर कारखान्यात मिळून ३१ वर्षं कामगार कल्याण अधिकारी म्हणून काढली. वय ७६. टाइप करायला वेळ लागतो, पण या विषयावर कुणी विचारलं की राहवत नाही.

'सगळं एकच का' असं विचारलंस. नाही. विषयाचं नाव बदलत गेलं तसा त्याचा मालकही बदलत गेला. आधी श्रमकल्याण होतं. कारखाना कायदा १९४८ च्या कलम ४९ ने ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला, म्हणून तर आमच्यासारख्यांना नोकऱ्या मिळाल्या. मग औद्योगिक संबंध आले, म्हणजे युनियन, करार, तंटा. पुढे पर्सोनेल आणि शेवटी एचआर. एचआरमध्ये कंपनी हे एक कुटुंब आणि सगळ्यांचं हित एक, असं धरून चालतात. औद्योगिक संबंधांत आधीच मान्य केलेलं असतं की हितं वेगवेगळी आहेत आणि तरी रोज सकाळी सात वाजता एकाच गेटातून आत जायचंय. इंग्लंडमध्ये ॲलन फॉक्स यांनी १९६६ मध्ये या दोन दृष्टींना नावं दिली, एकतावादी आणि बहुलतावादी. तुला कुठला अभ्यासक्रम हवा हे ठरवताना त्याची पुस्तकं यातल्या कुठल्या दृष्टीने लिहिलीत ते बघ.

एक प्रसंग सांगतो. गिरणीत एकदा दुसऱ्या पाळीला चाळीसेक विणकरांनी माग बंद केले. मॅनेजर म्हणाले, शिस्तभंग आहे, नोटिसा काढा. युनियनचे लोक म्हणाले, अपमान केला, माफी मागा. दोन्हीकडची भाषा तापलेली. मी खाली गेलो आणि एका वयस्कर विणकराशेजारी नुसता उभा राहिलो. तो म्हणाला, साहेब, सूत बघा. आठवडाभर आलेलं सूत कच्चं होतं, तार सारखी तुटत होती. तार तुटली की माग थांबतो, माग थांबला की कापड कमी, आणि पगार तर मीटरवर. म्हणजे सूत खरेदी खात्याने स्वस्तात घेतलेलं आणि त्याची किंमत विणकर देत होता. मी दुसऱ्या दिवशी सहा मागांवर पूर्ण पाळी उभा राहून किती वेळा तार तुटते ते वहीत मोजलं. जुन्या सुताचे आकडे जॉबरकडून, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडून, काढले. ती वही मॅनेजरांपुढे ठेवली. दोन दिवसांत खराब सुतासाठी वेगळा दर ठरला, नोटिसा मागे गेल्या, माफीचं नंतर कुणी नावही काढलं नाही.

हे मला कॉलेजात शिकवलं होतं का? मोजायला शिकवलं होतं. खाली जाऊन उभं राहायला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं.

सोलापुरात हा विषय शिकणाऱ्याला दूर जावं लागू नये असं मला मनापासून वाटतं. १८७७ मध्ये इथे जुनी मिल सुरू झाली. १९४९ मध्ये तीच मिल बंद पडली तेव्हा केंद्र सरकारने १९५० मध्ये केवळ त्या एका कंपनीसाठी कायदा केला आणि कारभार हातात घेतला. त्यावरून दोन खटले सर्वोच्च न्यायालयात गेले, चिरंजितलाल चौधरी (१९५०) आणि द्वारकादास श्रीनिवास (१९५३). पहिल्यात कायदा टिकला, दुसऱ्यात पडला. राज्यघटना शिकणारी मुलं देशभर हे खटले वाचतात आणि सोलापुरातल्या मुलांना ती मिल कुठे होती ते माहीत नसतं. याचं मला वाईट वाटतं.

सिद्धेश्वर_पेठ

काका, १२ जानेवारीही त्यात घाला. १९३१ मध्ये फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांतले कुर्बान हुसेन कामगारांत काम करणारे होते. चौकातून रोज जातो आपण, पुतळे बघतो, पण गिरणी कामगार आणि १९३० चा मार्शल लॉ यांचा संबंध कुणी सांगत नाही.

(अवांतर झालं, माफ करा. धागा चालू द्या.)

घरकुलातली

काका, तुमचं उत्तर अम्माला वाचून दाखवलं. मराठी तिला समजतं, अधलंमधलं तेलुगूत सांगितलं. खराब सुताचं ऐकून नान्ना आतल्या खोलीतून उठून आले आणि म्हणाले, आमच्या शेडमध्ये असं सूत आलं की आम्ही गप्प माग चालवायचो, मोजायला कोण होतं?

अक्षताताई, क्षेत्रकार्याचं मला माहीतच नव्हतं. नोकरीचा विचार करावा लागेल.

विधीवाचक

मी कामगार न्यायालयात वकिली करतो. शिक्षणाचं नंतर बोलू, आधी तुमच्या वडिलांचं.

काम मागच्या ऑगस्टमध्ये सुटलं, म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रमसंहिता लागू होण्याआधी. त्यामुळे १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा बघायचा. पाच वर्षांची सलग सेवा हवी. सलग म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम. कामगाराचा दोष नसताना काम थांबलं असेल, रजा, आजारपण, अपघात असेल, तर त्याने सेवा तुटत नाही. मालकाने रजिस्टरमध्ये कोरी जागा ठेवली म्हणून खंड सिद्ध होत नाही. कापडाच्या नगावर किंवा मीटरवर मजुरी असेल तर शेवटच्या तीन महिन्यांच्या मिळकतीची सरासरी धरतात, जादा कामाचे पैसे वगळून.

हिशेब असा. समजा सरासरी महिना १३,००० पडत होते. भागिले २६, म्हणजे दिवसाचे ५००. त्याचे १५ दिवस, ७,५०० एका वर्षाचे. २२ वर्षांचे १,६५,०००. तुमच्या वडिलांना मिळाले १५,०००, म्हणजे दोन वर्षांचे.

पुरावा कामगाराच्या घरात असतो, फक्त त्याला तो पुरावा वाटत नाही. जुनं ईएसआयचं कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, उचल घेतलेली वही, दिवाळीच्या बोनसची पावती, बँकेचं पासबुक, शेजारच्या मागावरच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र. ट्रंक उघडून बघा. उशीर झाला म्हणून अर्ज करायचा सोडू नका, योग्य कारण असेल तर उशीर माफ होतो.

आता शिक्षण. मी म्हणेन कायदा शिका. दयानंद विधी महाविद्यालय आपल्या गावात आहे, पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी होते. हे सांगायचं कारण सध्याचा काळ. मोठ्या २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी चार संहिता आल्यात. वेतन संहिता २०१९ ची, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यवसाय सुरक्षा या तिन्ही २०२० च्या. जुन्या लोकांना, मलाही, सगळं पुन्हा वाचावं लागतंय. आज शिकायला सुरुवात करणारा आणि तीस वर्षं वकिली केलेला या बाबतीत जवळपास एकाच रेषेवर उभे आहेत. नव्याने येणाऱ्याला अशी वेळ क्वचित मिळते.

पार्कचौकवाला

वकीलसाहेबांशी सहमत. आमच्याकडे गेले काही महिने हेच चाललंय. वेतनाची व्याख्या बदलली. मूळ पगार, महागाई भत्ता वगैरे मिळून एकूण मोबदल्याच्या निम्मं तरी वेतन धरावं लागतं, त्यामुळे भत्त्यांत पगार वाटून पीएफ-ग्रॅच्युइटी कमी ठेवायची जुनी रीत चालत नाही. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. संपाला सगळ्या कारखान्यांत १४ दिवसांची नोटीस, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप. कपात किंवा बंदीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर. हजेरीपटावरच्या कामगारांपैकी ५१ टक्के ज्या युनियनकडे तीच वाटाघाटी करणार, तशी नसेल तर युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद.

आणि कल्याण अधिकारी आता ५०० वर नव्हे, २५० कामगारांवर. म्हणजे काकांच्या पदाच्या जागा वाढायला हव्यात. मी आधी एमबीए म्हणालो होतो, त्यात थोडा बदल करतो. एमबीए करा किंवा नका करू, पण ज्यात कायदा नाही असं काही करू नका.

यंत्रमाग_कारखानदार

मी शेडवाला आहे. २४ माग. इथे बोलू की नको असं झालं, पण ताई, तुम्ही मालकाच्या ऑफिसातही आहात म्हणून बोलतो.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत जे झालं ते चुकलं. २२ वर्षांच्या माणसाला पाकीट देऊन पाठवणं मला पटत नाही. पण शेडची बाजूही ऐका. आमच्याकडे माणूस टिकत नाही. पन्नास हजार उचल घेऊन येतो, समोरची शेड साठ देते म्हणून जातो. रंगवलेल्या सुताचा भाव महिन्यात तीनदा बदलतो, टॉवेलचा भाव मात्र पार्टी सहा महिने धरून ठेवते. वीज जाते. यात पीएफ, ईएसआय, बोनस सगळं पाळणारा मालक आणि काहीच न पाळणारा मालक एकाच बाजारात एकाच भावाने माल विकतात. पाळणाऱ्याला त्याचं काही मिळत नाही. हा प्रश्न तुमच्या अभ्यासक्रमात आहे का? असेल तर मी स्वतः वर्गात बसायला तयार आहे.

आम्हा दहा-पंधरा छोट्या शेडवाल्यांना मिळून एक माणूस हवा आहे जो हजेरी, पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद आधीपासून नीट ठेवून देईल आणि कामगारांशी तेलुगूत बोलेल. सल्लागार येतात, चलन भरून देतात आणि जातात. शेडमध्ये कुणी पाऊल टाकत नाही.

विधीवाचक

कारखानदार साहेब, तुम्ही उघडपणे लिहिलंत हे चांगलं केलंत. पण एकाच छपराखाली चार नावांनी चार परवाने काढून प्रत्येकात दहापेक्षा कमी कामगार दाखवायचे, ही रीतही आपल्या भागात आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत मी ती वारंवार बघतो. बाजारभावाचं कारण खरं आहे, आणि त्याचा भार कुणावर टाकायचा हे मालकच ठरवतो हेही खरं आहे.

यंत्रमाग_कारखानदार

मान्य. माझा परवाना एकच आहे. पण मान्य.

मंगळवेढेकर

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांचंही कुणीतरी शिका हो. आपल्या जिल्ह्यात एवढे कारखाने, आणि हंगामी माणसाला विचारा, ग्रॅच्युइटी किती? माहीत नसतं. हंगामाला सात दिवसांच्या वेतनाप्रमाणे मिळते. माझ्या चुलत्यांना १९ हंगाम भरल्यावर हे कळलं, तेही काकांसारख्याच एका कल्याण अधिकाऱ्याने सांगितलं म्हणून.

लीड्सकर_मूळ_सोलापूर

'एम्प्लॉयमेंट रिलेशन्स' हे नाव जिथलं आहे तिथून लिहितोय. ब्रिटनमध्ये या विषयात एक वर्षाची पदव्युत्तर पदवी केली. अनुभव सांगतो, म्हणजे कुणी जाहिराती वाचून भुलणार नाही आणि उगीच घाबरणारही नाही.

विषय इथे फार गंभीरपणे शिकवतात. सामूहिक सौदा म्हणजे कलेक्टिव्ह बार्गेनिंग ही संज्ञाच बिअट्रिस वेब यांची. सगळ्यात मोलाचं होतं ते सराव-वाटाघाटी. वर्गाचे दोन गट केले, एक व्यवस्थापन, एक युनियन. दोघांना कंपनीचे वेगवेगळे कागद दिले. तीन आठवडे पगारवाढीवर बोलायचं. मी युनियनच्या बाजूला होतो आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी समोरच्यांचं ऐकतच नाहीये, माझं पुढचं वाक्य जुळवत बसलोय. प्राध्यापिकेने ध्वनिमुद्रण लावून ते दाखवलं.

इथे अकास नावाची सार्वजनिक संस्था आहे, १९७५ च्या कायद्याने स्थापित. तंटा न्यायाधिकरणाकडे जाण्याआधी तिच्याकडे जावं लागतं आणि बरेचसे वाद तिथेच मिटतात. आपल्याकडच्या समेट अधिकाऱ्याचं काम समजून घ्यायला तिची तुलना उपयोगी पडते.

पण भारतातल्या कायद्याचं एक पानही अभ्यासक्रमात नव्हतं. परत येऊन महाराष्ट्रात काम करायचं असेल तर इथलं सगळं शिकून तुम्हाला पीएफचं चलन भरता येणार नाही, जे घरकुलातली ताईंना आजच येतं. खर्च मोठा, कर्ज मोठं. घरची परिस्थिती लिहिलीत ती बघता मी हा रस्ता सुचवणार नाही.

मुंबईला मात्र जमलं तर जा. परळला नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे, राज्य सरकारची. तिथे मुंबई विद्यापीठाची मास्टर ऑफ लेबर स्टडीज ही दोन वर्षांची पदवी आहे. या विषयाचा इतका सरळ अभ्यासक्रम राज्यात दुसरा मला माहीत नाही. आणि देवनारला टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था, १९३६ पासूनची, तिथला मनुष्यबळ आणि श्रमसंबंधांचा अभ्यासक्रम देशात नावाजलेला आहे, स्पर्धाही तशीच.

जुना_कल्याण_अधिकारी

लोखंड्यांचं नाव निघालं म्हणून दोन ओळी. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नांनी. आपण सगळे रविवारी घरी असतो.

मुली, परळच्या संस्थेची चौकशी कर. माझ्या खात्यातले अनेक चांगले लोक तिथूनच आले. सरकारी कामगार अधिकारी व्हायचं मनात असेल तर भरतीच्या जाहिरातीत श्रम विषयातली कुठली पदवी-पदविका मागतात ते आधी वाच आणि मगच फी भर. कल्याण अधिकाऱ्याच्या पदालाही शासनमान्य पदवी लागते. नुसतं 'एचआर' लिहिलेलं प्रमाणपत्र चालत नाही. यात मुलांची फार फसवणूक झालेली मी बघितली आहे.

अक्षता_म

आणखी एक. तू एमएसडब्ल्यू केलंस तर प्रबंधाचा विषय तुझ्या घरात आहे. घरी विड्या वळणाऱ्या बायकांचा मालक नेमका कोण? पान आणि जर्दा कारखान्यातून येतो, विडी घरी वळली जाते, मोजून घेताना छाट, म्हणजे नापास विड्या, काढतात, छाटीचे पैसे कापतात. आता संहितेत विलीन झालेला १९६६ चा विडी कामगार कायदा घरी काम करणारीलाही कामगार मानत होता. तरी आज फोनवरून जेवण पोचवणाऱ्या मुलांबद्दल जो प्रश्न जगभर विचारतात, हा कामगार की स्वतंत्र माणूस, तो आपल्या आयांच्या बाबतीत साठ वर्षांपूर्वीच विचारून झालाय. सामाजिक सुरक्षा संहितेने या मुलांना 'गिग कामगार' म्हणून नाव दिलंय. दोन्ही एकत्र ठेवून अभ्यास केलास तर तो केवळ सोलापूरचा राहणार नाही. अम्माशी बोलताना तुला दुभाषी लागणार नाही, हे बाहेरून आलेल्या कुठल्याही संशोधकाकडे नसतं.

घरकुलातली

सगळ्यांचं वाचतेय. एक विचारायचं राहिलंय. नोकरी मालकाच्या ऑफिसात आणि मन नान्नांच्या बाजूला, असं असताना हे शिक्षण घेऊन मी कुणाकडून काम करणार? मागच्या महिन्यात एका बाईच्या हजेरीत २३७ दिवस आले. २४० ला तीन कमी. साहेब म्हणाले, बरं झालं. मी रजिस्टर पुन्हा तपासलं. दोन दिवस ती ईएसआयच्या दवाखान्यात होती, आणि दोन दिवस वीज नव्हती म्हणून आपणच परत पाठवलेलं. मी ते चार दिवस लिहिले आणि साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी सही केली, पण चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जुना_कल्याण_अधिकारी

त्या बाईचे दिवस किती झाले?

घरकुलातली

२४१.

जुना_कल्याण_अधिकारी

मग तू हे काम करतेच आहेस बाळ. मालकाच्या पगारावर राहून रजिस्टर खरं ठेवणारा माणूस कारखान्यात असला तर युनियनलाही त्याच्याशी बोलता येतं आणि मालकाचंही कोर्टात हसं होत नाही. मी ३१ वर्षं मालकाचाच पगार घेतला. दोन्ही बाजूंनी मला कधी ना कधी 'त्यांचा माणूस' म्हटलं. एकाच बाजूने म्हटलं असतं तर मला काळजी वाटली असती. शिकून तुला मिळेल ते असं की साहेब चार दिवस बोलले नाहीत तरी तुझ्या हातात कलम असेल आणि त्यांना ते समजावण्याची भाषा असेल.

घरकुलातली

(पाच आठवड्यांनी)

काय झालं ते कळवते, कारण इथे तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

परळला फोन केला, माहिती घेतली. राहण्याचा खर्च आणि नान्नांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, यामुळे या वर्षी मुंबई शक्य नाही. सोलापुरातच एमएसडब्ल्यूला अर्ज करतेय, माहितीपत्रक स्वतः जाऊन आणलं. साहेबांना सांगितलं. नोकरी सोडावी लागेल म्हणून घाबरले होते, पण शनिवार-रविवार आणि महिन्याच्या बटवड्याचे तीन दिवस येशील का म्हणाले, पगार निम्मा. हो म्हटलं. एमएसडब्ल्यूनंतर कायद्याचं बघेन. कारखानदार साहेब, तुमचा निरोप मिळाला. पहिल्या वर्षाची परीक्षा झाली की तुमच्या शेडमध्ये नक्की येते, चलन भरायला नाही, बघायला.

आणि ट्रंक उघडली. लग्नातल्या साड्यांच्या खाली अम्माने एका प्लास्टिकच्या पिशवीत सगळं बांधून ठेवलं होतं. रेशनकार्डाची जुनी प्रत, माझे शाळेचे निकाल, आणि नान्नांचं ईएसआयचं पिवळं पडलेलं कार्ड. घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो आहे त्यावर, मी फ्रॉकमध्ये. शेडचं नाव आहे. नोंदणीची तारीख १४ जून २००५.

वकीलसाहेब, हे चालेल का? सोमवारी सुट्टी टाकली आहे.

विधीवाचक

चालेल. मूळ कार्ड कुणाच्याही हातात देऊ नका, साक्षांकित झेरॉक्स द्या. २००५ च्या आसपास त्याच शेडमध्ये असलेल्या दोन माणसांची नावं वडिलांना आठवून ठेवायला सांगा. सोमवारी अकराला या, त्यांना घेऊन या.

घरकुलातली

नान्नांना विचारलं. त्यांनी सात नावं सांगितली, कोण कुठल्या मागावर होतं त्यासकट.